पदार्थांचे शास्त्र आणि त्याचे मानकरी



4 फेब्रुवारी 2014 रोजी दिल्लीला राष्ट्रपतिभवनात राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते दोन जणांना भारतरत्न देण्यात आले. त्यांतल्या एकाचे नाव मी सांगण्याची गरज नाही. दादरच्या शारदाश्रम शाळेत शिकलेला, शिवाजी पार्कच्या मैदानावर रमाकांत आचरेकर सरांच्या हाताखाली तयार झालेला तो खेळाडू. सचिन तेंडुलकर हे नाव आपल्या वाड्यावस्त्यांवरच्या पोरासोरांनाही पाठ आहे. पण त्याच सभागृहात, त्याच दिवशी, तेच पदक घेणारे दुसरे गृहस्थ कोण, असे शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसलेल्या दहा जणांना विचारले, तर किती जण उत्तर देतील? मला वाटते, एखादाच. आणि त्यात कट्ट्याचा दोष नाही.

ते दुसरे गृहस्थ म्हणजे बंगळूरचे डॉ. सी. एन. आर. राव. सर सी. व्ही. रामन आणि डॉ. अब्दुल कलाम यांच्यामागून भारतरत्न होणारे शास्त्रज्ञ. यात एक गंमत आहे, ती इतिहासाच्या विद्यार्थ्याला विशेष वाटते. 1954 साली भारतरत्नाचे नियम झाले, तेव्हा कला, वाङ्मय, विज्ञान आणि लोकसेवा ही चार क्षेत्रे त्यात होती. खेळ नव्हता. खेळाडूला हा मान देता यावा म्हणून 2011 च्या डिसेंबरात नियमच रुंदावावा लागला. म्हणजे विज्ञानाला पहिल्या दिवसापासून दार उघडे होते आणि खेळासाठी ते मागाहून उघडले. तरीही गर्दी कोणत्या दाराशी झाली, हे आपण पाहिलेच.

आता डॉ. राव यांचे शास्त्र कोणते, ते आधी पाहू. त्याचे नाव सांगतानाच मराठीत अडचण येते. जुन्या शाळांत ज्याला ‘पदार्थविज्ञान’ म्हणत, ते म्हणजे आजचे भौतिकशास्त्र. उष्णता, प्रकाश, ध्वनी, चुंबक, वीज हे त्याचे धडे. राव यांचा विषय तो नव्हे. वस्तू ज्या द्रव्याची बनते त्या द्रव्याचे हे शास्त्र. म्हणून आजच्यापुरते त्याला आपण द्रव्यविज्ञान म्हणू.

नाव नवे असले तरी काम जुने आहे. आपल्या गावच्या लोहाराच्या भात्याशी उभे राहा. कोयत्याचे पाते तो लाल करतो आणि चटकन पाण्यात बुडवतो. याला आपण हत्याराला ‘पाणी पाजणे’ म्हणतो. तेच पाते राखेत घालून हळूहळू निवू दिले, तर ते मऊ पडते. लोखंड तेच, त्यातला कार्बनही तेवढाच. मग एक पाते ऊस तोडते आणि दुसरे वाकते, ते का? तर आतल्या कणांची मांडणी बदलली म्हणून. एकदम निववले की कार्बनचे कण जिथल्या तिथे अडकून बसतात आणि पोलाद कडक होते. हळू निववले की त्यांना हलायला सवड मिळते. मांडणी बदलली की गुण बदलतो, हे द्रव्यविज्ञानाचे मूळ सूत्र. लोहाराला ते हाताने ठाऊक होते. शास्त्रज्ञ ते डोळ्यांनी पाहतो, मोजतो आणि मग नवी मांडणी घडवतो.

डॉ. राव यांनी हे काम मुख्यतः धातूंच्या ऑक्साइडांवर केले. ऑक्साइड म्हणजे धातू आणि प्राणवायू यांचे संयुग. लोखंडाचा गंज हे त्याचे घरगुती उदाहरण. असल्या मातकट पदार्थांत कोणी मन घालील असे आपल्याला वाटणार नाही. पण 1986 साली बेडनॉर्झ आणि म्युलर या दोघांना तांब्याच्या एका ऑक्साइडात असे आढळले, की पुष्कळ थंड केल्यावर त्यातून वीज काहीही विरोध न होता वाहते. दुसऱ्याच वर्षी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. इतकी घाई नोबेलच्या मंडळींनी क्वचितच केली असेल! त्या काळात जगभरच्या प्रयोगशाळांत जी धावपळ उडाली तीत बंगळूरची प्रयोगशाळाही आघाडीला होती, कारण राव त्या ऑक्साइडांच्या मागे कितीतरी वर्षे आधीपासून लागलेले होते.

1968 साली त्यांना भटनागर पारितोषिक मिळाले होते, तेही रसायनशास्त्रासाठी. पुढे 2017 साली अमेरिकेतल्या मटेरियल्स रिसर्च सोसायटीने त्यांना फॉन हिप्पेल पुरस्कार दिला. द्रव्यविज्ञानातला हा फार मोठा मान. ज्यांच्या नावाने तो दिला जातो त्या आर्थर फॉन हिप्पेल यांनाच तो 1976 साली प्रथम देण्यात आला होता. आणि 1989 साली भारतातही अशी एक संस्था निघाली, ‘मटेरियल्स रिसर्च सोसायटी ऑफ इंडिया’. तिच्या स्थापनेत राव यांचाच पुढाकार होता. ती दरवर्षी पदके देते. वृत्तपत्रांत त्यांची बातमी कधी वाचल्याचे मला आठवत नाही.

भटनागर पारितोषिकाचे नाव आले, तर त्याच्यामागचा माणूस सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. शांतिस्वरूप भटनागर 1894 साली पंजाबातल्या भेरा गावी जन्मले. वडील गेले तेव्हा हे तान्हे मूल होते. पुढे ते लाहोरला रसायनाचे प्राध्यापक झाले. 1930 नंतरच्या काही वर्षांतली गोष्ट. रावळपिंडीकडे एक तेल कंपनी जमिनीत भोके पाडून खनिज तेल शोधत होती. भोक पाडताना आत पातळ चिखल सोडावा लागतो. आपल्याकडे बोअर घेताना ज्यांनी पाहिले असेल त्यांना हे लगेच कळेल. पण खाली खारे पाणी लागले की तो चिखल घट्ट व्हायचा, आणि यंत्र जागच्या जागी रुतून बसायचे. सगळे उपाय थकले. भटनागरांनी चिखलात एक देशी डिंक मिसळला. चिखलाचे कण एकमेकांना चिकटायचे थांबले आणि काम सुरू झाले.

कंपनी खूश झाली. तिने भटनागरांना दीड लाख रुपये देऊ केले. त्या काळचे दीड लाख! भटनागरांनी सांगितले, मला नकोत, विद्यापीठाला द्या, संशोधनासाठी. आणि खरोखरच त्या पैशातून पंजाब विद्यापीठात खनिज तेलाच्या संशोधनाची शाखा उभी राहिली. चिखलाचा आणि डिंकाचा हा प्रयोग म्हणजे अस्सल द्रव्यविज्ञान. पुढे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे ते पहिले प्रमुख झाले आणि देशभर राष्ट्रीय प्रयोगशाळांची साखळी त्यांनी उभी केली. त्यांतलीच एक आपल्या पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा. 3 जानेवारी 1950 रोजी पंडित नेहरूंनी तिचे उद्घाटन केले. 1 जानेवारी 1955 ला भटनागर वारले आणि त्यांच्या नावाचे पारितोषिक 1958 साली प्रथम देण्यात आले. पहिले मानकरी सर के. एस. कृष्णन.

या पारितोषिकाला वयाची अट होती, पंचेचाळीस वर्षांच्या आतली. मला ही अट फार शहाणपणाची वाटते. माणूस निवृत्त झाल्यावर त्याच्या गळ्यात हार घालणे सोपे असते. उमेदीच्या वयात ‘तू बरोबर चालला आहेस’ असे सांगणे अवघड, कारण सांगणारा चुकण्याचा संभव असतो.

मात्र विषयांच्या यादीत द्रव्यविज्ञान नव्हते. भौतिक होते, रसायन होते, अभियांत्रिकी होती. त्यामुळे या शास्त्राची माणसे दुसऱ्यांच्या पंगतीत जेवली. राव रसायनाच्या पंगतीत. तुर्भ्याच्या अणुकेंद्रात धातुशास्त्राची उभारणी करणारे डॉ. ब्रह्मप्रकाश 1963 साली अभियांत्रिकीच्या पंगतीत, आणि तिथलेच डॉ. श्रीकुमार बॅनर्जी 1989 साली, तेही अभियांत्रिकीच्याच. अणुभट्टीत युरेनियमभोवती जे आवरण लागते ते झिर्कोनियम या धातूच्या मिश्रणाचे असते. ते उष्णता आणि मारा सोसते, आणि भट्टी चालवणारे न्यूट्रॉन गिळून टाकत नाही. बॅनर्जींनी आयुष्यभर या मिश्रणांच्या आतली मांडणी अभ्यासली. पुन्हा पाहा, लोहाराचेच सूत्र.

नोबेलचीही हीच गत आहे. तिथे द्रव्यविज्ञानाचे पारितोषिक नाही. तरी 1920 साली गियोम या शास्त्रज्ञाला भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले ते निकेल आणि पोलादाच्या एका मिश्रणासाठी. हे मिश्रण उन्हाने जवळजवळ वाढत नाही, म्हणून घड्याळांना आणि मोजपट्ट्यांना ते उपयोगी पडले. 2014 साली ते तिघा जपान्यांना मिळाले, निळा प्रकाश देणाऱ्या स्फटिकासाठी. आज आपल्या घरात जो एलईडीचा दिवा जळतो, तो त्या निळ्या प्रकाशावाचून पांढरा झाला नसता. त्या तिघांतले नाकामुरा एका खासगी कंपनीत नोकरीला होते. एवढ्या शोधाबद्दल कंपनीने त्यांना सुरुवातीला वीस हजार येन दिले होते. पुढे त्यांनी तिला कोर्टात खेचले.

आता पुन्हा मुंबईत येऊ. शिवाजी पार्कवरून पूर्वेला निघून रेल्वेचे रूळ ओलांडले की माटुंगा लागते. तिथे मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग आहे. 1933 साली तो निघाला. जुनी माणसे त्याला यूडीसीटी म्हणतात. 2008 साली तो स्वतंत्र अभिमत विद्यापीठ झाला. या विभागात 1964 साली मनमोहन शर्मा हे अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी प्राध्यापक म्हणून आले. केंब्रिजची डॉक्टरेट होती, परदेशात राहणे सहज शक्य होते. त्यांचा स्वतःचा विषय द्रव्यविज्ञान नव्हे. वायू द्रवात कसा शोषला जातो, असा तो रासायनिक अभियांत्रिकीचा विषय होता. पण त्यांच्याकडे 1969 साली पीएच.डी. पुरी करणारा एक विद्यार्थी पुढे या शास्त्रात शिरला.

तो विद्यार्थी रघुनाथ माशेलकर. जन्म 1943, गोव्यातल्या माशेल गावचा. सहा वर्षांचा असताना वडील गेले. आई मुलाला घेऊन मुंबईला आली, गिरगावात राहिली आणि कष्ट करून तिने मुलाला वाढवले. बाराव्या वर्षापर्यंत पायात वहाण नव्हती, असे माशेलकरांनी पुष्कळदा सांगितले आहे. अभ्यास रस्त्यावरच्या दिव्याखाली. युनियन हायस्कूल ही काही नामांकित शाळा नव्हे, गरिबांची शाळा. तिथे भावे सर विज्ञान शिकवत. एके दिवशी त्यांनी मुलांना उन्हात नेले, बहिर्गोल भिंग धरले आणि खाली कागद ठेवला. किरणे एका बिंदूत आली आणि कागद जळाला. सरांनी मुलांना सांगितले, आपले बळही असेच एका जागी आणले तर काहीही साधता येते. माशेलकरांच्या भाषणांतून ही हकीकत महाराष्ट्रभर गेली आहे. माझ्या मते तिच्यातला उपदेश दुय्यम आहे. मुख्य गोष्ट अशी, की सर फळ्यावर किरणांची आकृती काढून थांबले नाहीत. ते वर्गाबाहेर गेले.

शालान्त परीक्षेत मुलगा गुणवत्ता यादीत अकरावा आला. तरीही कॉलेजचा प्रश्न होताच. सर दोराबजी टाटा ट्रस्टची शिष्यवृत्ती मिळाली, महिना साठ रुपये. त्या साठ रुपयांवर त्यांचे शिक्षण चालले. पुढे त्यांना पद्मश्री, पद्मभूषण, पद्मविभूषण मिळाले. 1998 साली ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. 2000 साली ‘मटेरियल सायंटिस्ट ऑफ द इयर’ हा खास या शास्त्रातला मानही मिळाला. या सगळ्या पदकांत त्यांचे आयुष्य घडवणारा पुरस्कार कोणता, असे मला कोणी विचारले तर मी महिना साठ रुपये हेच उत्तर देईन. बाकीचे त्यांच्या कामावर मिळाले. साठ रुपये मिळाले नसते तर काम झालेच नसते.

आचरेकर सरांचीही अशीच एक पद्धत होती. सरावाला ते यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवत. सचिनला कोणी बाद केले तर नाणे त्या गोलंदाजाचे. अखेरपर्यंत बाद झाला नाही तर ते सचिनचे. अशी तेरा नाणी सचिनने जपून ठेवली आहेत, हे त्याने स्वतःच सांगितले आहे.

1976 साली माशेलकर इंग्लंडहून परतले आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत दाखल झाले. 1989 साली ते तिचे संचालक झाले. तिथे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलिमरवर काम केले. पॉलिमर म्हणजे लहान रेणूंची लांबच लांब माळ. अशा माळा एकमेकींत गुंतवून जाळे केले आणि जाळ्यात पाणी भरले, की जेल बनतो, जेलीसारखा लिबलिबीत. काही जेल असे असतात की उष्णता थोडी वाढली तर एकदम आकसून पाणी सोडतात आणि निवले की पुन्हा फुगतात. हे कशामुळे होते आणि आपल्याला हवे त्या ठिकाणी ते घडवून आणता येईल काय, हा त्यांचा प्रश्न होता. 1982 साली माशेलकरांना भटनागर पारितोषिक मिळाले. अर्थात अभियांत्रिकीच्या पंगतीत. त्यांचे गुरू शर्मा यांना ते 1973 साली मिळाले होते.

इथे साखळी तुटत नाही. माटुंग्याच्या त्याच विभागातून शिकून अमेरिकेत डॉक्टरेट केलेले आशिष लेले पुण्याच्या प्रयोगशाळेत आले आणि याच जेलांच्या कामाला लागले. 2006 साली शायनी वर्गीस, लेले आणि माशेलकर या तिघांनी एक निबंध प्रसिद्ध केला. कापलेला जेल धातूच्या आयनांच्या मदतीने पुन्हा सांधला जातो, असे त्यात दाखवले होते. जखम भरून यावी तसा! त्याच वर्षी लेल्यांना भटनागर पारितोषिक मिळाले, 2012 साली इन्फोसिस पारितोषिक, आणि 2021 साली ते त्या प्रयोगशाळेचे संचालक झाले. 1973, 1982, 2006. गुरू, शिष्य आणि शिष्याचा तरुण सहकारी. तिन्ही पारितोषिके तीन वेगळ्या ओळींत छापली गेली आहेत. त्यांना जोडणारी रेघ यादीत दिसत नाही. ती इतिहास लिहिणाऱ्याने काढायची.

खेळात ही रेघ काढण्याची सोय आहे. 1985 साली सरकारने द्रोणाचार्य पुरस्कार सुरू केला, तो खास खेळाडू घडवणाऱ्या गुरूसाठी. आचरेकर सरांना तो 1990 साली मिळाला. तेव्हा सचिन सतरा वर्षांचाही नव्हता किंवा नुकताच झाला होता, म्हणजे चेल्याचे पूर्ण यश पाहण्याआधीच गुरूचे ऋण मानले गेले. विज्ञानात असे काही नाही. आता कोणी म्हणेल, शिक्षकांना राष्ट्रीय पुरस्कार 1958 पासून मिळतच आहेत. खरे आहे, आणि ते योग्यच आहे. पण तो पुरस्कार त्या शिक्षकाच्या शाळेतल्या कामाचा. या शोधामागे हे सर होते, असे सांगणारा तो नव्हे. भावे सरांचे नाव आपल्याला ठाऊक आहे ते एकाच कारणाने: त्यांचा विद्यार्थी बोलका निघाला आणि कृतज्ञ निघाला. जे विद्यार्थी बोलले नाहीत त्यांचे गुरुजी कोण होते, हे कसे कळणार?

याला जोडून दुसरीही एक उणीव आहे. द्रव्यविज्ञान एकट्याचे काम नव्हे. एक जण भट्टी सांभाळतो, एक जण स्फटिकाचे चित्र घेतो, एक जण गणित मांडतो, आणि काच फुंकून उपकरण करून देणारा कारागीरही लागतोच. पदक मात्र एका गळ्यात पडते. ही गोष्ट सरकारच्याही ध्यानात आली असावी. 2022 नंतर भटनागर पारितोषिकाचे जुने रूप संपले आणि त्याच्या जागी ‘राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार’ आले. त्यांत विज्ञानरत्न, विज्ञानश्री आणि तरुणांसाठी विज्ञान युवा हे तीन मान व्यक्तींना मिळतात. भटनागरांचे नाव तरुणांच्या पुरस्काराला ठेवले आहे, हे मला आवडले. चौथा मान नवा आहे, ‘विज्ञान टीम’. तो संपूर्ण चमूला द्यायचा. 22 ऑगस्ट 2024 रोजी हे पुरस्कार प्रथम देण्यात आले आणि चमूचा पहिला मान चांद्रयान-3 च्या मंडळींना मिळाला.

या नव्या पुरस्कारांसाठी तेरा विषय ठरवले आहेत. भौतिक आहे, रसायन आहे, अभियांत्रिकी आहे, अणुशक्ती आणि अवकाशही आहे. द्रव्यविज्ञान या नावाचा विषय त्या तेरांतही नाही. कोयत्याला पाणी पाजणाऱ्याच्या शास्त्राला अजून दुसऱ्याच्याच पंगतीत पाट मांडून घ्यावा लागतो.